बफर वाढवला तरी डेडलॉक जात नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गो या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'ऑर्डर' आणि 'स्टॉक' या दोन गोरूटीन (एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकींना दोन चॅनलवरून, म्हणजे मेसेजच्या वाटांवरून, मेसेज पाठवतात. टेस्ट पास होतात, पण लोड वाढला की कधीतरी दोन्ही एकमेकींची वाट पाहत ठप्प, म्हणजे डेडलॉक. बफर, म्हणजे चॅनलमध्ये न वाचलेले मेसेज मावण्याची जागा, १ वरून १०० केल्यापासून त्रास नाही, तर आता हे बरोबर आहे असं सिद्ध कसं करायचं?

सिद्ध होणार नाही, कारण ते बरोबर नाही. तुमच्या कोडमध्ये दोघीही आधी आपली अख्खी बॅच पाठवतात आणि मगच समोरचीचं वाचायला घेतात. दोन्ही बाजूंच्या बॅच बफरपेक्षा मोठ्या झाल्या की दोघी पाठवण्याच्या ओळीवर अडकतात. म्हणजे पूर्वी २ मेसेज पुरायचे, आता १०१ लागतील. गोचा रनटाइम (प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) डेडलॉक पकडतो हे खरं, पण सगळ्याच गोरूटीन झोपल्या तरच. सर्व्हरमध्ये कोणी ना कोणी जागी असतेच, म्हणून लॉगमध्ये अवाक्षर नाही.

काय हवंय ते आधी तर्काच्या भाषेत लिहा. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये काळाचं तर्कशास्त्र प्रोग्रामना लावलं, त्यातली दोनच क्रियाविशेषणं इथे पुरतात. 'नेहमी': दोघी एकाच वेळी पाठवताना अडकलेल्या नसतात. 'कधी ना कधी': प्रत्येक ऑर्डरला उत्तर मिळतं. दुसऱ्यासाठी शेड्युलर (कोणती गोरूटीन कधी चालेल हे ठरवणारा) प्रत्येकीला पाळी देतो हे गृहीतक वेगळं सांगावं लागतं. ते विसरलात तर मॉडेल चेकर, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या नमुन्यावर अशा अटी तपासणारं साधन, भलतीच तक्रार करत बसेल.

मग स्पिन हा मॉडेल चेकर उतरवून घ्या आणि त्याच्या प्रोमेला या भाषेत छोटं मॉडेल लिहा. बफर १, बॅच २. मुद्दाम लहान ठेवा. मेसेजचा मजकूर, डेटाबेस वगैरे सगळं गाळा. स्पिन पायऱ्यांचे सगळे क्रम धुंडाळतो आणि अडकण्यापर्यंतचा रस्ता पायरीपायरीने छापून देतो. टेस्ट यातले मोजकेच क्रम चालवते.

हे पुस्तकी वाटत असेल, तर नासाच्या डीप स्पेस १ यानाचं उदाहरण घ्या. त्यावरच्या रिमोट एजंट सॉफ्टवेअरच्या एका भागात १९९७ मध्ये स्पिनने समांतर प्रोग्रामांच्या पाच चुका दाखवल्या होत्या. मे १९९९ मध्ये उड्डाणात डेडलॉक झाला तो न तपासलेल्या भागात, आणि चूक त्या पाचांपैकी एकीच्याच जातीची होती.

आता दुरुस्ती. मला इथे सेशन टाइपचा, म्हणजे चॅनलवर कोणी कधी पाठवायचं आणि कधी घ्यायचं हे टाइपमध्येच लिहून ठेवण्याचा विचार सर्वांत कामाचा वाटतो. जिरार यांच्या १९८७ च्या लिनियर लॉजिकमध्ये गृहीतक नेमकं एकदाच वापरायचं असतं. कैरेस आणि फेनिंग यांनी २०१० मध्ये त्याची सांगड चॅनलशी घातली: एका टोकाला 'पाठव, मग घे' असेल तर दुसऱ्या टोकाला 'घे, मग पाठव'च हवं, आणि जोडल्या जाणाऱ्या दोन प्रोसेसमध्ये चॅनल एकच. तुमच्याकडे दोन आहेत, म्हणून चक्र तयार होतं. तो नियम तुमचा कोड दारातच अडवेल.

गोचा कंपायलर हे तपासत नाही, तेव्हा शिस्त तुम्हालाच पाळायची आहे. स्टॉकने आपणहून काही पाठवू नये. ऑर्डरने एक विचारावं, एक उत्तर घ्यावं, मग पुढचं. थ्रूपुट (ठरावीक वेळात उरकणारं काम) पडला तर गोचं सिलेक्ट वापरून पाठवणं आणि घेणं दोन्ही एकाच वेळी उघडं ठेवा, पण मग मॉडेलही तसंच बदलून पुन्हा चालवा. टाइमआउट घालणार असाल तर तोही मॉडेलमध्ये यायला हवा, कारण टाइमआउटनंतर उशिरा पोचलेलं उत्तर पुढच्या ऑर्डरला चिकटतं.