फिरत्या जनुकीय घटकाने हवे तेच जनुक बंद करता येते का?

जिवाणूंमध्ये येते, मात्र नेहमीचे ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) बहुधा कुठेही जाऊन बसत असल्याने त्यासाठी गट-२ इंट्रॉन, म्हणजे आरएनएतून कापले जाऊन डीएनएत नव्या जागी शिरू शकणारे तुकडे, वापरतात. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुधातील जिवाणूचा असा इंट्रॉन सर्वाधिक वापरात आहे. त्याचा आरएनए लक्ष्य जनुकातील सुमारे डझनभर बेसशी (डीएनएच्या ‘अक्षरांशी’) जोडी जमवून डीएनएच्या एका धाग्यात शिरतो आणि सोबतचे प्रथिन दुसरा धागा कापून त्या आरएनएची डीएनए प्रत बनवते. म्हणून आरएनएतील ते मोजके बेस बदलले की इंट्रॉनचा पत्ताच बदलतो.

२००७ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी यावरून क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूंसाठी ‘क्लॉस्ट्रॉन’ हे साधन विकसित केले. त्यातील निवडीची युक्ती मला फार सुंदर वाटते: इंट्रॉनमधील एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारे जनुक दुसऱ्या एका इंट्रॉनने मुद्दाम तोडलेले असते आणि हा अडथळा आरएनएच्या टप्प्यावरच गळून पडून डीएनए प्रतीत जनुक अखंड होते, त्यामुळे ज्या पेशीत घुसखोरी खरोखर झाली तीच औषधावर वाढते.

दिशेकडे मात्र लक्ष द्यावे. इंट्रॉन जनुकाच्या दिशेनेच बसला आणि त्याचे प्रथिन पेशीत शिल्लक असले, तर तो आरएनएतून कापला जाऊन जनुक पुन्हा चालू राहू शकते. उलट दिशेने बसवल्यास ही शक्यता उरत नाही. त्याच ओपेरॉनमधील (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेतील) पुढील जनुकांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून मूळ जनुक प्लास्मिडवरून (पेशीतील वेगळ्या छोट्या डीएनएवरून) परत देऊन गुणधर्म पूर्ववत होतो का, हे तपासावेच.