बदललेला डीएनटीपी कोणता पॉलिमरेझ चालवून घेईल, हे पीसीआर लावून ठरवावं का?

गोवा विद्यापीठातल्या एमएस्सी प्रकल्पासाठी तुमच्याकडे सी-५ जागी (युरॅसिलच्या पाचव्या कार्बनवर) बदल केलेला डीयूटीपी आहे, म्हणजे टीच्या जागी बसणारा डीएनटीपी (डीएनएचा सुटा घटक), डीएनए बांधणारे चार-पाच एन्झाइम म्हणजे पॉलिमरेझ आहेत, आणि थेट पीसीआर (फेऱ्याफेऱ्यांनी डीएनएच्या प्रती वाढवणं) लावून निवड करावी का, असं तुम्ही विचारताय.

नका करू. पीसीआरमध्ये एन्झाइमला दोन कामं करावी लागतात: बदललेला घटक नव्या साखळीत जोडायचा आणि पुढच्या फेरीत तीच साखळी टेम्प्लेट (नक्कल करायचा साचा) म्हणून वाचायची. जेलवर बँड (डीएनएची पट्टी) आला नाही तर अडलं कुठे, ते कळतच नाही. उदाहरण म्हणून साधा, न बदललेला डीयूटीपी बघा: केओडी किंवा पीएफयू हे पॉलिमरेझ तो जोडतात, पण टेम्प्लेटमध्ये युरॅसिल दिसला की थांबतात.

म्हणून आधी प्रायमर एक्स्टेन्शन: प्रायमर (सुरुवातीचा छोटा तुकडा) टेम्प्लेटवर बसवून एन्झाइम तो किती वाढवतो, ते बघायचं. ५-प्राइम टोकाला फॅम (चमकणारा रंग) असलेला प्रायमर ०.१५ मायक्रोमोलर, टेम्प्लेट त्याच्या दीडपट, प्रत्येक डीएनटीपी २०० मायक्रोमोलर. टेम्प्लेटमध्ये आधी एकटा ए (अ‍ॅडेनिन, याच्यासमोर तुमचा घटक बसतो) ठेवा, पुढे तीन ए सलग. एकटा ए पार करणारे बरेच एन्झाइम सलग जागी अडकतात, आणि निवडीला तीच जागा उपयोगी.

जेलवर लेन (रांगा) चार: एन्झाइमशिवाय, चारही नैसर्गिक डीएनटीपी, टी वगळून तीन, टीच्या जागी तुमचा. सगळ्यात आधी तिसरी बघा. तिथेही साखळी पूर्ण झाली असेल, तर एन्झाइम चुकीचा घटक घालतोय किंवा कुठून तरी डीटीटीपी मिसळलाय. मग चौथ्या लेनला काही अर्थ नाही. एन्झाइम आणि वेळ कमी करा. मँगनीज घालायची घाई नको, त्याने चुका वाढतात.

बाटलीवरच्या युनिटवरून एन्झाइमांची तुलना करू नका, ते नैसर्गिक डीएनटीपींवर मोजलेलं असतं. १, ५, १५ आणि ६० मिनिटांना नमुना काढून ९५ टक्के फॉर्मामाइड आणि २० मिलिमोलर ईडीटीएमध्ये थांबवा, ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा, ७ मोलर युरियाच्या १५ टक्के जेलवर चालवा. बदल मोठा असेल तर बँड नैसर्गिक बँडपेक्षा वर दिसतो, ते बरोबरच आहे. मूळ प्रायमरपेक्षा लहान बँड दिसले तर एन्झाइमचा एक्झोन्यूक्लिएझ (टोकाकडून साखळी कापणारा) भाग प्रायमर कुरतडतोय. व्हेंट पॉलिमरेझचा एक्झो-मायनस (हा भाग बंद केलेला) प्रकार किंवा थर्मिनेटर घ्या. सी-५ बदलांसाठी मी टॅक या पीसीआरच्या नेहमीच्या पॉलिमरेझच्या आधी हेच बी-कुळातले एन्झाइम तपासेन.

बदललेली साखळी टेम्प्लेट म्हणून वाचण्याची परीक्षा वेगळी घ्या. टेम्प्लेटला बायोटिन असेल तर स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या (बायोटिनला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाच्या) मण्यांवर धरून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने नवी साखळी सोडवा, उदासीन करा, आणि सीवाय-५ (दुसरा चमकणारा रंग) लावलेल्या उलट प्रायमरने नैसर्गिक डीएनटीपींवर तिची प्रत काढा.

पावसात जेल जमेनासं झालं की आधी एपीएस (जेल जमवणारं अमोनियम परसल्फेट) बदला. आपल्या दमट हवेत उघडी बाटली लवकर निकामी होते; ती डेसिकेटरमध्ये ठेवा, १० टक्के द्रावण ताजं करा. ट्रायफॉस्फेट (म्हणजे डीएनटीपी) छोट्या भागांत उणे २० वर ठेवा. चवथीच्या सुट्टीत वीज गेली असेल तर एचपीएलसीने शुद्धता तपासल्याशिवाय ते वापरू नका: तुटून डायफॉस्फेट झालं की पॉलिमरेझ ते घेत नाही, आणि दोष मात्र एन्झाइमवर जातो.