पाळी संपली, घरी गेलो आणि मेमो आला

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, रांजणगाव या कारखान्यांच्या पट्ट्यातून आमच्या कामगार सल्ला केंद्रात येणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "ताई, माझी ड्यूटी संपली होती. मी पंच करून निघालो. तरी मेमो दिलाय. आता काढून टाकतील का?" विचारणारा बहुतेक वेळा दोन रात्री झोपलेला नसतो. घरी बायकोला सांगितलेलं नसतं, आणि कुणा सहकाऱ्यानं "टर्मिनेशन होणार बघ" असं म्हणून भीतीत भर घातलेली असते.

अशाच एकाची ही गोष्ट. त्याला सुनील म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर, कायम कामगार, नऊ वर्षांची नोकरी. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. कंपनीची बस ३.४५ ला सुटते. त्या दिवशी दुसऱ्या पाळीचा रिलिव्हर, म्हणजे त्याच्याकडून मशीन ताब्यात घेणारा माणूस, आला नाही. ३.२० ला सुपरवायझर येऊन म्हणाला, "थांब जरा, माणूस येईपर्यंत चालव." किती वेळ, ते सांगितलं नाही. आईला डायलिसिसहून आणायचं असल्यानं सुनीलनं तिथंच सांगितलं, "दादा, आज नाही जमणार." हातातला जॉब पूर्ण केला, मशीन बंद केलं, लॉगबुकात नोंद केली आणि ३.३६ ला पंच करून बस पकडली.

दुसऱ्या दिवशी मेमो, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, आली. वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा, कामाची जागा सोडून जाणे, उत्पादनाचे नुकसान. खुलासा ४८ तासांत.

तो आला तेव्हा नोटीस घडी करून शर्टाच्या खिशात होती आणि हातात वहीचं फाडलेलं रेघांचं पान. पानावर माफीनामा लिहिलेला. एचआरवाले म्हणाले होते, "लिहून दे, विषय संपव." मी आधी ते पान वाचलं. 'माझ्याकडून फार मोठी चूक झाली. यापुढे सुपरवायझर साहेब सांगतील तेव्हा सांगतील तितका वेळ थांबेन. असे पुन्हा घडल्यास कंपनी देईल ती शिक्षा मान्य राहील.' खाली सही. तारीखसुद्धा घातली नव्हती.

नोटीस बाजूला ठेवून आम्ही या तीन वाक्यांवरच बराच वेळ बोललो. पहिल्या वाक्यानं आरोप कबूल होतो, म्हणजे चौकशीची गरजच उरत नाही. दुसऱ्यानं पाळीची वेळ नावाची गोष्टच संपते. तिसऱ्यानं पुढच्या वेळचा बचाव आजच देऊन टाकला. विषय संपतो म्हणतात तो कंपनीचा. कामगाराच्या फाइलीत तो कागद राहतो, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणावरून आरोपपत्र आलं की 'पूर्वेतिहास' म्हणून बाहेर निघतो.

"पण ताई, माफी मागितली तर साहेब शांत होतील," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी म्हटलं, साहेबांशी चहा प्या, गैरसोय झाली त्याबद्दल तोंडानं वाईट वाटलं म्हणा, नातं जपा. कागदावर मात्र जे घडलं तेच लिहा.

मग नोटीस उघडली. मी विचारलं, "यात कुठं लिहिलंय की कामावरून काढलं?" त्यानं वाचून पाहिलं. नव्हतंच. नोटीस विचारते, तुमचं म्हणणं काय. उत्तर समाधानकारक वाटलं नाही तर आरोपपत्र, मग चौकशी, आणि त्यानंतर शिक्षा. स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांप्रमाणे, चौकशीत आपल्याच खात्यातला सहकारी किंवा आपल्या युनियनचा पदाधिकारी बचावासाठी घेता येतो, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात. चौकशी होईपर्यंत निलंबित केलं तरी पहिले ९० दिवस निम्मा आणि पुढं, उशीर कामगारामुळे होत नसेल तर, पाऊण पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागतो. हे ऐकल्यावर माणूस जरा मोकळा श्वास घेतो, असा माझा अनुभव आहे. 'काढून टाकलं' आणि 'विचारलं' यांतलं अंतर त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता कायद्याचं. ही गोष्ट जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार नव्या संहितांच्या आधीची, त्यामुळे लागू होता तो १९४८ चा कारखाने कायदा. त्याच्या कलम ६१ प्रमाणे पाळ्यांच्या वेळा कारखान्यात फलकावर लावाव्या लागत. कलम ६३ म्हणे की त्या फलकाबाहेरच्या वेळेत प्रौढ कामगाराकडून काम करून घेऊ नये, आणि त्याला करूही देऊ नये. सुनीलच्या गेटजवळ तो फलक होता, नऊ वर्षं तो त्याच्याखालून जात होता. मी त्याला फलकाची तारीख आणि मजकूर उतरवून आणायला सांगितलं. शिवाय त्याचे रोजचे आठ तास, सहा दिवसांचे ४८. आठवड्याची मर्यादा तीच. त्यावरचा वेळ म्हणजे ओव्हरटाइम, आणि कलम ५९ प्रमाणे दुप्पट दरानं. 'थांब जरा' म्हणताना ओव्हरटाइमचा शब्दही निघाला नव्हता.

एचआरनं "एक दिवसाचा पगार कापू" असंही म्हटलं होतं. पाळी पूर्ण भरलेली, त्यामुळे गैरहजेरीची कपात नाहीच. उरला दंड. तो आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच, म्हणणं ऐकून घेऊन, आणि त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंत. पगार २२,००० म्हणजे जास्तीत जास्त ६६० रुपये. एक दिवसाचा पगार २६ दिवसांच्या हिशोबानं ८४६ होतो. हा आकडा त्याला लगेच पटला. कलमांपेक्षा हिशोब लवकर पटतो.

प्रत्येकाची बाजू अशी भक्कम नसते, हेही सांगायला हवं. एक बॉयलर अटेंडंट आला होता, तोही "माझी वेळ संपली होती" म्हणत. चालू बॉयलर कुणाच्याही ताब्यात न देता गेला होता. तिथं मी त्याला वेळेवर भांडू नका असंच सांगितलं. जिथं जागा सोडल्यानं जीव धोक्यात येतो, तिथं चार्ज देणं कामाचाच भाग आहे, मग ते आयसीयू असो की भट्टी. अशा वेळी फोन करून वरिष्ठाला कळवायचं, थांबायचं, आणि थांबलेल्या वेळाची नोंद करून पैसे मागायचे. सीएनसी मशीन बंद करून जाता येतं. सुनीलनं ते केलं होतं आणि लॉगबुकात ३.३१ ची नोंद होती. त्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा ती एक ओळ होती.

खुलासा आम्ही एका पानात बसवला. 'दि. अमुक रोजी माझी पाळी ७ ते ३.३० होती. ३.२० वाजता तोंडी थांबण्यास सांगण्यात आले. आईच्या वैद्यकीय कारणामुळे थांबू शकत नसल्याचे मी त्याच वेळी सांगितले. मशीन सुरक्षित बंद करून ३.३१ ला लॉगबुकात नोंद केली. ३.३६ ला पंच केले. आदेशाची अवज्ञा करण्याचा माझा हेतू नव्हता. आरोप मला मान्य नाहीत. लॉगबुक व पंचिंगच्या नोंदींची प्रत मिळावी.' डायलिसिस केंद्राची त्या दिवशीची पावती सोबत. कलमं घालायचा मोह त्याला झाला होता, मी काढायला लावली. पहिल्याच खुलाशात कायदा शिकवायला गेलं की समोरचा वकिलाकडे जातो. दोन प्रती, एकीवर पोच.

नोटीस घ्यायला नकार देणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मग ती रजिस्टर पोस्टानं घरी येते आणि सगळी गल्ली विचारते. घ्यावी, 'प्रत मिळाली' एवढंच लिहून तारीख-वेळ टाकून सही करावी. पोच म्हणजे कबुली नव्हे.

तीन आठवड्यांनी कंपनीनं समजपत्र दिलं: भविष्यात वरिष्ठांच्या सूचनांचं पालन करावं. दंड नाही, चौकशी नाही. सुनीलला तेही लागलं, त्याला 'निर्दोष' असा शब्द हवा होता. मी त्याला पुढं भांडायचा सल्ला दिला नाही. किरकोळ चुकीला नोकरीवरून काढलं असतं, तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली पूर्वीची सेवा न बघता दिलेली अतिरेकी शिक्षा हीच तक्रारीची बाब होती, आणि ९० दिवसांत कामगार न्यायालयात जाता येई. समजपत्रासाठी एवढा खटाटोप करून रोज त्याच सुपरवायझरसमोर उभं राहायचं, यात माणूस झिजतो. त्यानं 'खुलाशातील म्हणणे कायम' असं लिहून ते घेतलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेत ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती हवी असं स्पष्ट आलंय, दर दुप्पटच. दुसरीकडे स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती आहे; पूर्वी महाराष्ट्रात ती ५० पासून होती. म्हणून लहान कारखान्यातल्यांनी आपलं नेमणूकपत्र काढून त्यात पाळी आणि शिस्तीबद्दल काय लिहिलंय ते आजच वाचावं.

आणि संमतीचं म्हणाल तर परवाच एक जण असा फॉर्म घेऊन आला: 'आवश्यकतेनुसार जादा काम करण्यास माझी संमती आहे.' दिवस नाही, तास नाही, मुदत नाही. त्याला सही करण्याआधी खाली एक ओळ लिहायला सांगितली, 'प्रत्येक वेळी आगाऊ सांगून व माझ्या त्या दिवशीच्या होकारानंतरच.' एचआरनं कुरकुर केली, पण फॉर्म घेतला.