माझा बेसिक (मूळ पगार) 15,000 आहे, मग पीएफच्या पासबुकात कंपनीचे 550 रुपयेच का दिसतात? बाकीचे 1,250 कंपनीने खाल्ले का?

नाही भाऊ, खाल्ले नाहीत. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत पगारपत्रकं करतो, नवीन लागलेली पोरं हेच विचारतात.

तुम्ही बेसिक 15,000 लिहिलाय. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,800, तुमचे कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. पण कंपनीच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,250, पेन्शन योजनेत वळतात. पीएफमध्ये उरतात 550. पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना आहे, तिथं बघा.

त्या रकान्यात व्याज शोधू नका, लागतच नाही. पीएफ तुमच्या एकट्याच्या नावावर साठतो. पेन्शनचा पैसा 1995 च्या योजनेच्या सामायिक निधीत जातो, त्यात केंद्र सरकारही पगाराच्या 1.16 टक्के घालतं. तुम्ही किती भरले यावर पेन्शन ठरत नाही. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार (तोही 15,000 पर्यंतच धरतात) गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. दहा वर्षं झाली तर महिन्याला साधारण 2,143 रुपये, वयाच्या 58 पासून. दहाच्या आत असाल तर मासिक पेन्शन नाही.

म्हणून वर्षं सांभाळा. इथली पोरं हिंगणा सोडून बुटीबोरीच्या एमआयडीसीत नव्या नोकरीला गेली की 10सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढतात, गाडीचं डाउन पेमेंट करतात आणि नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. त्यापेक्षा जुना यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) नव्या कंपनीला द्या आणि खातं ट्रान्सफर करून घ्या.

रक्कम तुटपुंजी आहे, हे खरंच. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपये. ती वाढावी म्हणून म्हातारी माणसं आंदोलनं करतात, आणि माझ्या मते त्यांचं चुकत नाही.

ईएसआयसीची (कामगार विम्याची) कपात वेगळी. एकूण पगार 21,000 पर्यंत असेल तर तुमचे 0.75 टक्के, कंपनीचे 3.25. त्यावर घरच्यांचाही दवाखाना होतो. नागपुरात सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय त्यासाठीच आहे.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही: पीएफसोबत विमाही असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला 7 लाखांपर्यंत मिळतात, हप्ता पूर्ण कंपनीचा. घरच्यांना हे ठाऊकच नसतं, त्यांना सांगून ठेवा. ऑनलाइन नॉमिनेशन आजच भरा, आणि लग्न झालं की पुन्हा नव्यानं.