घरट्यात अंडी आहेत, पण मादी दोन दिवस बसतच नाही. घरटं सोडून दिलं असेल का?

बहुधा नाही, तिची अंडी घालून व्हायची असतील. लहान गाणारे पक्षी साधारण रोज एक अंडं घालतात आणि शेवटचं किंवा त्याच्या आधीचं अंडं घातल्यावरच नेटानं उबवायला बसतात. त्यामुळे पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर येतात, वाढीतही फार मागेपुढे राहत नाहीत. तोवर अंडी गार लागली तरी बिघडत नाही. ऊब मिळेपर्यंत आतली वाढ थांबलेली असते. घुबडं आणि शिकारी पक्षी मात्र बहुतेक वेळा पहिल्या अंड्यापासूनच बसतात, म्हणून त्यांची पिल्लं लहानमोठी दिसतात. कृपा करून अंड्यांना हात लावून पाहू नका. लांबून, दुर्बिणीतून बघा. तुम्ही जवळ उभे असाल तर ती येणारच नाही.