नॉर्थ डकोटातल्या वाइल्डलाइफ रेफ्युजवर तळी आणि बदकं मोजायचं काम नक्की कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी अमेरिकेत मिनेसोटात वाइल्डलाइफ बायोलॉजी शिकतेय, युनिव्हर्सिटीतर्फे तिला उन्हाळ्यात नॉर्थ डकोटातल्या एका रेफ्युजवर, म्हणजे वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जागेवर, तलाव आणि पाणपक्षी यांच्या मॉनिटरिंगचं काम मिळालंय, तर हे खरंच काही काम आहे का, बदकं मोजून कोणाचं काय भलं होणार, आणि तिथे राहणं सेफ आहे का. मी त्याच राज्यात शिकलो आणि शिकताना उन्हाळे रेफ्युजवरच काढले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. खरं काम आहे, अंगमेहनतीचं आहे, आणि नाव बदकांचं असलं तरी निम्म्याहून जास्त काम पाण्याचं आहे. हे पाण्याचं काम तिला पहिल्या आठवड्यात कंटाळवाणं वाटेल, पण तेच नीट शिकून घ्यायला सांगा.

आधी लेक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर भंडारदरा येत असेल तर तो बाजूला ठेवा. तिथली बहुतेक तळी कमरेएवढी खोल, कितीतरी तर गुडघाभरच. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे सरकल्या तेव्हा जमिनीत लाखो खळगे राहिले, त्यात बर्फाचं आणि पावसाचं पाणी साठतं, त्यांना तिथे पॉटहोल म्हणतात. अमेरिकेची पाच राज्यं आणि कॅनडाचे तीन प्रांत मिळून साधारण ७ लाख चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे आणि उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं इथे जन्माला येतात. काही तळी अंगणाएवढी, जूनपर्यंत आटून जाणारी, तर काही कित्येक किलोमीटर पसरलेली. आणि यातली बरीच तळी शेतीसाठी चर खणून कधीच रिकामी केली गेलीत, नॉर्थ डकोटातली जवळपास निम्मी पाणथळ जमीन गेली, आयोवात तर ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणून जी उरलीत त्यांचा हिशेब ठेवणं एवढं महत्त्वाचं आहे.

आता रोजचं काम. तलावात एक पट्टी उभी केलेली असते, स्टाफ गेज म्हणतात, पांढऱ्या पत्र्यावर काळ्या खुणा, आणि गंमत म्हणजे त्यावर फूट असतात पण इंच नसतात, फुटाचे दहा आणि शंभर भाग असतात. तिने ती वाचून लिहायची. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मैदानावर, वारा थांबतच नाही आणि उथळ तलावात वारा पाणी ढकलून एका काठाला नेतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी त्याच तलावाच्या दोन टोकांना वेगळे आकडे येतात. मग लाट वर गेली की किती, खाली आली की किती असं बराच वेळ उभं राहून बघायचं आणि मधला आकडा धरायचा, शेजारी वाऱ्याची दिशा लिहायची. हिवाळ्यात तलाव गोठला की बर्फ ती पट्टी धरून वर उचलतो, म्हणून दर वसंतात काठावरच्या पक्क्या खुणेपासून लेव्हल लावून पट्टी जागेवर आहे ना ते तपासावं लागतं. हे नाही केलं तर पुढचा सगळा सीझन चुकीची पातळी लिहिली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

त्या पातळीवर पुढे निर्णय होतात. मोठ्या रेफ्युजवर मातीचे बांध आहेत आणि बांधाच्या तोंडाशी एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या असतात, आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घालतात ना, अगदी तसंच. फळी काढली की पाणी उतरतं, घातली की चढतं. किती आणि कधी काढायच्या हे ठरवायला पातळी लागते, आणि पाण्याचा खारटपणाही लागतो. या पट्ट्यातल्या बऱ्याच तलावांना बाहेर जायला वाटच नाही, पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात, ऑगस्टमध्ये काठावर मिठासारखा पांढरा थर दिसतो तो त्याचाच. मोठ्या पक्ष्याच्या डोळ्यांवर क्षार बाहेर टाकणारी ग्रंथी असते, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची ती ग्रंथी काम करत नसते, त्यामुळे फार खाऱ्या तलावावर जवळपास गोडं पाणी मिळालं नाही तर पिल्लं पहिल्या काही दिवसांतच मरतात. म्हणून कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते यावरून खारटपणा सांगणारं यंत्र, पाण्यात बुडवून आकडा घ्यायचा. गढूळपणा बघायला काळी-पांढरी सेकी डिस्क सोडतात, २० सेंटीमीटरची थाळी, ती दिसेनाशी झाली की दोरी किती भिजली ते मोजायचं. कार्प मासे शिरले की ते तळ उकरतात, पाणी चहासारखं होतं, तळाशी ऊन पोचत नाही आणि बदकांच्या खाण्याची पाणवनस्पती मरते. डिस्कचा आकडा महिनाभर घसरत गेला की जाणकार माणूस माशांची शंका घेतो.

बदकांची मोजणी मे महिन्यात, जोड्यांची. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. मादी अंड्यांवर बसली की ती गवतात असते, दिसतच नाही, तलावावर दिसतो एकटा नर. म्हणून मॅलार्डसारख्या बदकांमध्ये एकटा नर दिसला की एक जोडी धरायची. चार नरांपर्यंतचा घोळका असेल तरी प्रत्येकाची एक जोडी, पाच किंवा जास्त असले की तो नुसता थवा, जोड्या नाहीत. डुबकी मारणाऱ्या काही जातींना हा नियम लागत नाही, त्यांचे हिशेब वेगळे, ते तिला शिकवतील. जोरदार वारा किंवा पाऊस असेल तर मोजणी रद्द, कारण पक्षी पाणकणसाच्या दाटीत शिरून बसतात आणि आकडा खोटा कमी येतो.

आणि दर वर्षी तीच तळी, तोच रस्ता. त्यातलं एखादं तळं आटलेलं असलं तरी तिथे जायचं, उतरून बघायचं आणि 'कोरडं' असं लिहायचं. नवीन मुलांना वाटतं की पाणी नाही, पक्षी नाही, मग कशाला गाडी थांबवायची. पण ती नोंद नसेल तर दहा वर्षांनी बघणाऱ्याला कळणार कसं की बदकं कमी झाली की तळीच कमी होती? नुसता बदकांचा आकडा माझ्या मते अर्धवट माहिती आहे आणि अर्धवट माहितीवर लोक शिकारीचे नियमसुद्धा ठरवतात, म्हणून मी हे एवढं ठासून सांगतोय.

याच पद्धतीने खंडभर पाहणी १९५५ पासून चालू आहे, अमेरिका आणि कॅनडा मिळून करतात. दर मे महिन्यात छोटी विमानं जमिनीपासून ३०-४५ मीटर उंचीवरून ठरलेल्या रेषेत उडतात, पायलट स्वतः बायोलॉजिस्ट असतो आणि तो एका बाजूची, शेजारचा दुसऱ्या बाजूची २०० मीटरपर्यंतची बदकं मोजतो, आणि प्रेअरीवर बदकांसोबत पाणी असलेली तळीही मोजली जातात. विमानातून सगळी दिसत नाहीत म्हणून काही पट्ट्यांत जमिनीवरची टीम तीच तळी परत मोजते आणि त्यावरून विमानाचा आकडा दुरुस्त करतात. २०२४ मध्ये असा एकूण अंदाज सुमारे ३ कोटी ४० लाख बदकांचा आला. नॉर्थ डकोटा राज्याची स्वतःची गाडीतून केलेली मोजणी तर १९४८ पासूनची आहे.

जुलैत पिल्लांची मोजणी असते, सकाळी लवकर आणि संध्याकाळी, कारण दुपारी आई पिल्लांना लव्हाळ्यात घेऊन जाते. पिल्लं किती हे तर लिहायचंच पण वय पण लिहायचं, नुसता पिवळा-तपकिरी कापूस असेल तर पहिला वर्ग, पिसं फुटायला लागली की दुसरा, जवळजवळ पूर्ण पिसं पण अजून उडता येत नाही तो तिसरा. घरटी शोधायची असली तर दोन गाड्यांच्या मध्ये लांब साखळी बांधून गवतावरून ओढतात, साखळी जवळ आली की मादी उडते, मग तिथे चालत जाऊन घरटं शोधायचं, बाजूला काठी रोवायची, आणि अंडं एका नळीच्या टोकाला धरून सूर्याकडे बघायचं, आत गर्भ केवढा झालाय ते दिसतं. पहिल्यांदा बघितलं ना आत हलणारं काहीतरी, तर मी बराच वेळ तसाच बसून होतो. कोल्हे, स्कंक, रकून यांच्यामुळे बहुतेक घरटी जातात. मॅलार्डची संख्या टिकायची तर शंभरातली पंधरा-वीस घरटी यशस्वी व्हावी लागतात, आणि कित्येक ठिकाणी तेवढीही होत नाहीत. पिनटेल, म्हणजे आपलं तलवार बदक, त्याची तर वेगळीच अडचण, ते लवकर येतं आणि कापलेल्या पिकाच्या खुंटांमध्ये उघड्यावर अंडी घालतं, मग पेरणीचे ट्रॅक्टर आले की घरटं गेलं. ही पक्षीण वाचवायला काय करायचं यावर कोणी मला बोलायला लावलं की अजूनही मला थांबवत नाही.

वाईट भागही सांगून ठेवतो, म्हणजे ती तयार असेल. ऑगस्टच्या उन्हात उथळ पाणी तापलं, त्यातला ऑक्सिजन संपला की चिखलातले बोट्युलिझमचे जंतू वाढतात. त्याचं विष पक्ष्याच्या पोटात गेलं की आधी पंख लुळे, मग मान धरवत नाही, आणि पक्षी मान पाण्यात पडून बुडून मरतो. मेलेल्या पक्ष्यात माश्यांच्या अळ्या होतात, अळ्यांना त्या विषाने काही होत नाही पण विष त्यांच्यात साठतं, आणि दुसऱ्या बदकाने त्या दोन-चार अळ्या खाल्ल्या तरी ते मरतं. मग एका मढ्यापासून कितीतरी. म्हणून रोज एअरबोट, म्हणजे मागे मोठा पंखा असलेली सपाट बोट, घेऊन मेलेले पक्षी उचलायचे आणि जाळायचे. वास असह्य असतो. त्यात २०२२ पासून बर्ड फ्लू आलाय, त्यामुळे ग्लव्ह्ज आणि मास्कचे नियम कडक झालेत, ते तिने तंतोतंत पाळावेत.

आणि एक गोष्ट तिला तिथे ऐकायला मिळेल, गावातले लोक विचारतील की एवढा भरलेला तलाव रिकामा का करताय. यावर माझं मत पक्कं आहे. तलाव अधूनमधून आटलाच पाहिजे. वर्षानुवर्षं एकाच पातळीला पाणी राहिलं की पाणकणीस सगळीकडे दाटतं, छोटे मासे वाढतात आणि पाण्यातले किडे खाऊन टाकतात, आणि अंडी घालणाऱ्या मादीला व लहान पिल्लांना तेच किडे हवे असतात. पाणी उतरवलं की चिखलाला हवा लागते, त्यात पडून राहिलेलं बी उगवतं, आणि परत पाणी भरलं की किडे-गोगलगायी इतक्या होतात की त्या वर्षी पक्षी नुसते तुटून पडतात. आम्हा दुष्काळाच्या देशातल्या माणसांना भरलेलं पाणी सोडून देताना बघवत नाही, ते मी समजू शकतो, पण इथे ते लागतं.

अर्थात ठरवून काढलेलं पाणी वेगळं आणि १९३० च्या दशकातला दुष्काळ वेगळा. तेव्हा तळीच्या तळी धूळ झाली, बदकं संपतील अशी भीती होती, आणि त्यातूनच यातली बरीच रेफ्युज १९३५ च्या आसपास उभी राहिली. क्लार्क सॅल्यर नावाचा अधिकारी जागा शोधत गाडीने हजारो मैल फिरला, सूरीस नदीवरच्या मोठ्या रेफ्युजला आज त्याचं नाव आहे. पैशासाठी १९३४ मध्ये डक स्टॅम्प आला, पहिल्या तिकिटाचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं जो तेव्हा वन्यजीवांचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुखच होता. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी हा स्टॅम्प घ्यावाच लागतो, आज २५ डॉलरला आहे, आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा राखायला जातात. तुम्हाला कदाचित खटकेल की मुलगी पक्षी वाचवायचं काम करतेय आणि पैसा शिकाऱ्यांचा. मलाही सुरुवातीला खटकलं होतं, पण तिथली तळी ज्यांच्या पैशातून वाचली ती हीच माणसं, आणि त्यांच्याइतकं पाण्याकडे बारकाईने बघणारे लोक मी फार कमी पाहिलेत.

राहण्याचं म्हणाल तर रेफ्युजवर बहुतेक ठिकाणी बंकहाऊस, म्हणजे एकत्र राहायचं घर, असतं, बाकीचे इंटर्न सोबत असतात, एकटीला फिल्डवर पाठवताना रेडिओ देतात आणि परतायची वेळ लिहून घेतात. माणसांपेक्षा जास्त जपायचं ते गोचिडांपासून, रोज संध्याकाळी कानामागे, काखेत, कमरेपाशी बघायचं. फिकट रंगाची फुल पँट घेऊन जा म्हणावं, त्यावर गोचीड लगेच दिसतो. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची बुटासकट रबरी पँट, रेफ्युजवर मिळतात पण मोजे स्वतःचे, भरपूर. पाऊस पडला की तिथली माती गाडीच्या चाकाला अशी धरते की रस्त्यावरून निघताच येत नाही, म्हणून गाडीत खाणं-पाणी कायम ठेवावं.

फोनचं एक सांगतो. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे फार लवकर उठावं लागतं, झोप कमी होते. आपल्या संध्याकाळी साडेसहाला तिचे सकाळचे आठ वाजलेले असतात, तेव्हा ती दुर्बिणीला डोळा लावून असेल, त्या वेळी करू नका. सकाळी सहाला करा, तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात असतात, पिल्लांची मोजणी नसेल तर ती जेवत असेल. आणि रेफ्युजचं नाव कळलं की इथे लिहा, तिथलं पाणी खारं आहे की गोडं, बांध आहेत की नुसते पॉटहोल, मला माहीत असेल तेवढं सांगतो.