प्लेगची साथ आली की जुन्या इंग्लंडमध्ये कोर्टं खरंच बंद ठेवत का?

हो, १६व्या-१७व्या शतकात लंडनला प्लेग पसरला की राजाच्या किंवा राणीच्या जाहीरनाम्याने कोर्टाचं सत्र पुढे ढकलत किंवा सरळ दुसऱ्या गावी हलवत. ते जाहीरनामे छापील स्वरूपात टिकून आहेत आणि त्यांत कारणही स्पष्ट दिलेलं असतं: गर्दी. मोठी कोर्टं लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉल या एकाच इमारतीत भरत, देशभरातले पक्षकार, वकील, साक्षीदार तिथे जमत आणि परतताना रोग गावोगाव नेण्याची भीती असे. म्हणून शरद ऋतूतलं 'मायकेलमस' सत्र

- १५९२ : हर्टफर्ड
- १६०३ : विंचेस्टर
- १६२५ : रेडिंग
- १६६५ : ऑक्सफर्ड

इथे भरलं. १६०३ मध्ये तर सर वॉल्टर रॅले या दर्यावर्दी दरबाऱ्यावरचा राजद्रोहाचा गाजलेला खटलाही याच कारणाने १७ नोव्हेंबरला विंचेस्टरला चालला. त्यासाठी कैद्याला लंडनच्या 'टॉवर' या किल्ल्यातल्या तुरुंगातून तिकडे न्यावं लागलं. तारखा पुढे गेल्या तरी दावे रद्द होत नसत, आहे त्या टप्प्यावरून पुढच्या तारखेला चालू राहत. पक्षकारांच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय होती. मात्र हे वेस्टमिन्स्टरच्या मध्यवर्ती कोर्टांपुरतं समजा. गावोगावच्या स्थानिक कोर्टांचं वेळापत्रक वेगळं असे.